पन्नाशीनंतरचे पाय : धानाची बांधी, जंगल आणि डोंगर

नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही आणि वैनगंगेपलीकडचा गडचिरोली हा सगळा धानाचा आणि जंगलाचा मुलूख. इथले कामाचे वर्ष पायांवरून मोजता येते. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी, म्हणजे दिवसभर पोटरीपर्यंत चिखलात उभे राहणे. दिवाळीच्या आगेमागे कापणी, तेव्हा पायाखाली धानाचे टोकदार खुंट. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच मोह वेचायला जंगलात जावे लागते आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडताना जमीन तव्यासारखी तापलेली असते. या कामांना निवृत्तीचे वय नाही. साठीतल्या बाया रोवणीच्या रांगेत असतात आणि त्याहून म्हातारी माणसे रात्री पाणी पाहायला बांधीवर जातात. शहरात नावाने मागितला जाणारा एचएमटी तांदूळ शोधणारे दादाजी खोब्रागडे याच नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे. त्या तांदळामागे असे कितीतरी पाय चिखलात असतात.

पाय बिघडला की इथे रोजी बुडते. तरीही पायाची दुखणी बहुतेक घरांत शेवटी दाखवली जातात, आणि तोवर साधी जखम हाडापर्यंत गेलेली असते. पन्नाशीनंतर हा धोका का वाढतो आणि घरच्या घरी काय करता येते, ते पाहू.

वयाबरोबर पायात काय बदलते

एका पावलात २६ हाडे असतात. त्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध वय वाढेल तसे सैल होतात, पायाची कमान थोडी बसते आणि पाऊल लांबीला व रुंदीला वाढते. तिशीत सात नंबरची चप्पल घालणाऱ्याला साठीत आठ नंबर लागू शकतो. पण माणूस आयुष्यभर दुकानात जुनाच नंबर सांगत राहतो.

टाचेखाली आणि बोटांच्या मुळाशी चरबीची गादी असते. प्रत्येक पावलाचा दणका ती झेलते. ही गादी वयाबरोबर पातळ होते, म्हणून जी वाट पूर्वी अनवाणी सहज चालता यायची, तिथे आता खडे टोचतात. तळपायाच्या कातडीत तेलाच्या ग्रंथी मुळातच नसतात. तिथला ओलावा घामावर टिकतो, आणि घाम कमी झाला की कातडी सुकते, जाड होते, फाटते. नखेही जाड आणि ठिसूळ होतात. खाली वाकता येत नाही आणि नजर कमी झालेली असते, त्यामुळे ती नीट कापलीही जात नाहीत.

हे बदल सगळ्यांनाच होतात आणि त्यांच्यासह माणूस चांगला चालतो. पायातली जाणीव कमी होणे आणि पायाकडे येणारे रक्त कमी होणे हे दोन बदल मात्र वेगळ्या वर्गातले. पाय कापावा लागण्यापर्यंत गोष्ट जाते ती बहुधा या दोहोंमुळे.

रोवणीचा चिखल

दिवसभर पाण्यात राहिलेली कातडी पांढरी पडते, सुरकुतते आणि फुगते. तिच्या वरच्या थराची राखण ढिली होते. व्हिएतनाममध्ये भातखाचरांत दिवसच्या दिवस वावरणाऱ्या अमेरिकी सैनिकांचे पाय सुजून लाल व्हायचे, बूट घालणे अशक्य व्हायचे. सैन्याच्या डॉक्टरांनी त्या दुखण्याला भातखाचराचेच नाव दिले होते. औषधापेक्षा महत्त्वाचा उपाय होता तो पाय कोरडे ठेवण्याचा. सैनिकाला काही दिवस पाण्याबाहेर ठेवले की पाय सुधारत.

रोवणीच्या मजुराला हंगामात असे काही दिवस कोण देणार? त्याच्या हातात रात्र असते. संध्याकाळी घरी आल्यावर साबणाने पाय धुवावेत, सुती फडक्याने बोटांच्या बेचक्या एकेक करून पुसाव्यात, आणि झोपेपर्यंत पाय उघडे व कोरडे राहतील असे पाहावे. दुपारच्या भाकरीच्या वेळी धुऱ्यावर पाय धुऊन अर्धा तास उन्हात पसरून बसले, तरी फरक पडतो. सकाळी बांधीत उतरण्यापूर्वी पायांना खोबरेल तेल किंवा व्हॅसलीनचा थर चोळला तर पाणी कातडीत कमी मुरते. बेचक्यांत आधीच चिखल्या झालेल्या असतील, तर तिथे मात्र हा थर देऊ नये.

चिखल्या म्हणजे बोटांच्या बेचक्यात होणारा बुरशीचा संसर्ग. चौथ्या बोटाच्या आणि करंगळीच्या मधली जागा सगळ्यात अरुंद, म्हणून सुरुवात बहुधा तिथेच होते. खाज येते, कातडी पांढरी होऊन सोलते, चीर पडते. क्लोट्रिमॅझोल किंवा टर्बिनाफिन ही साधी बुरशीनाशक मलमे यावर चालतात. अट एकच, खाज थांबल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत ती लावायची. बाजारात याहून लवकर आराम देणारी मिश्र मलमे मिळतात. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते. दोन दिवसांत खाज जाते, बुरशी मात्र आत पसरत राहते आणि पुढे साध्या औषधाला दाद देईनाशी होते. औषध दुकानातून मलम घेताना ‘स्टेरॉइड नसलेले द्या’ असे स्पष्ट सांगावे.

बायकांच्या बाबतीत जोडव्यांचा विषय निघायलाच हवा. घट्ट जोडव्याखाली चिखल आणि पाणी अडकते, तिथली कातडी आठवडाभर सुकतच नाही. शिवाय पाय सुजला तर जोडवे बोटात रुतते, आणि ते कापून काढण्याची वेळ येते. रोवणीपुरती जोडवी काढून ठेवता आली तर उत्तम. रीतीमुळे ते जमत नसेल तर सैल करून घ्यावीत आणि रोज रात्री सरकवून खालची जागा पुसावी.

चिखल्यांची चीर ही दिसायला क्षुल्लक असली तरी ते एक दार असते. त्यातून जंतू शिरले की पोटरीपर्यंत पाय लाल, गरम होऊन ताप भरतो. उंदीर-घुशींच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिसही अशाच चिरांतून शरीरात जातो. रोवणीच्या दिवसांत अचानक ताप, पोटऱ्या कमालीच्या दुखणे आणि डोळे लाल होणे असे एकत्र दिसले, तर ‘आपण बांधीत काम करतो’ ही गोष्ट डॉक्टरांना न विचारताच सांगावी.

भेगा आणि बिबा

पावसाळा सरला की उलटे होते. तोच पाय सुकतो आणि टाचेला भेगा पडतात. कातडी जाड आणि कोरडी झालेली, वरून शरीराचे वजन, म्हणून टाच कडेने फाटते. पाय दहा-पंधरा मिनिटे साध्या पाण्यात भिजवावा, जाड कातडी खरबरीत दगडाने हलके घासावी, पुसून लगेच व्हॅसलीन किंवा युरिया असलेले मलम लावावे आणि झोपताना सुती मोजे घालावेत. दोन-तीन आठवडे रोज केले तर बहुतेक भेगा भरतात. ब्लेडने कातडी कापणे हा मार्ग नव्हे.

या भागात भेगांवर, मोडलेल्या काट्यावर आणि कुरूपावर बिबा लावण्याची जुनी चाल आहे. बिब्याचे झाड इथल्या जंगलात भरपूर, आणि त्याचे तेल कातडी भाजते ही गोष्ट लावणाऱ्यालाही ठाऊक असते. त्या भाजण्यातच गुण आहे अशी समजूत आहे. पण बिब्याचा चटका किती खोल जाईल याचा नेम नसतो. कोणाला त्याची ॲलर्जी असेल तर सगळे पाऊल फोडांनी भरते. तरुण, धडधाकट पायावर हा डाग भरून येतो. साठीतल्या, रक्त कमी पोचणाऱ्या पायावर तो महिनोन्‌महिने भरत नाही. कुरूपावर चिकटवायच्या औषधी पट्ट्यांचेही तसेच. त्यांतले आम्ल जाड कातडीबरोबर चांगली कातडीही खाते, म्हणून मधुमेह असलेल्यांनी त्या वापरूच नयेत.

काटा मोडला तर तो त्याच दिवशी स्वच्छ सुईने काढावा, जमत नसेल तर आरोग्य केंद्रात जावे. धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घ्यायची असते. प्रौढांपैकी फार थोडे लोक ती जखम नसताना घेतात. काट्याबरोबर मातीतली बुरशी किंवा जंतू खोल गेले तर कधीकधी वर्षा-दोन वर्षांत पावलावर न दुखणारी गाठ येते, तिला तोंडे फुटतात आणि स्रावातून बारीक दाणे बाहेर पडतात. या रोगाला मदुरैवरून मदुरा पाय म्हणतात. तो अनवाणी शेतात काम करणाऱ्यांचा रोग आहे. दुखत नाही म्हणून दाखवला जात नाही, आणि उशीर झाला की हाड पोखरते.

न दुखणारा पाय

इंग्रज शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्यांची बोटे आणि पावले झडतात ती रोगाने मांस सडवल्यामुळे, असे तेव्हा सगळे धरून चालत. ब्रँड यांनी रुग्णांचे हातपाय रोज तपासले आणि निराळेच आढळले. रोगाने नस मारलेली असे, त्यामुळे वेदना कळत नसे. चपलेतून वर आलेला खिळा, घट्ट पट्टा, गरम भांडे, यांनी झालेल्या साध्या जखमेवर माणूस तसाच चालत राही आणि जखम वाढत जाई. जखमी पावलाला प्लास्टर घालून तळव्यावरचा दाब काढला की तीच जखम भरून येई. पुढे अशा पायांसाठी मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या, खिळे नसलेल्या चपला भारतात तयार होऊ लागल्या. एमसीआर चप्पल या नावाने त्या आजही कुष्ठरोग कार्यक्रमातून मोफत दिल्या जातात.

चंद्रपूर आणि गडचिरोलीला ही गोष्ट परकी नाही. बाबा आमट्यांचे आनंदवन याच जिल्ह्यात, वरोऱ्याला उभे राहिले, आणि कुष्ठरोगाचे नवे रुग्ण राज्यात जिथे अजूनही जास्त सापडतात त्यांत हे दोन जिल्हे येतात. सहा किंवा बारा महिन्यांच्या मोफत गोळ्यांनी कुष्ठरोग पूर्ण बरा होतो. पण उशिरा उपचार झालेल्या माणसाची मेलेली नस परत येत नाही. वीस-तीस वर्षांपूर्वी बरे झालेले, आज साठी-सत्तरीत असलेले कितीतरी लोक बधिर तळव्यांनी बांधीत आणि जंगलात काम करतात. त्यांना कुष्ठरोग नाही, औषधाची गरज नाही, मात्र पाय रोज पाहण्याची गरज मरेपर्यंत आहे.

आता त्याच बधिरपणाकडे नेणारा दुसरा आणि मोठा रस्ता मधुमेहाचा आहे. अंगाने सडपातळ, कष्ट करणाऱ्या माणसाला साखर होत नाही हा समज खेड्यात घट्ट आहे, आणि तो चुकीचा आहे. सुरुवातीला तळव्यांची आग होते, मुंग्या येतात, रात्री चादर नकोशी होते. काही वर्षांनी आग थांबते, आणि रुग्णाला वाटते की बरे झाले. प्रत्यक्षात तोवर नस गेलेली असते. तीस वर्षांवरील सर्वांची साखर आणि रक्तदाब उपकेंद्रात मोफत तपासण्याची सोय आहे.

तळव्याची जाणीव घरीही तपासता येते. त्या व्यक्तीला डोळे मिटून आडवे व्हायला सांगावे. दुसऱ्याने तर्जनीच्या टोकाने दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना एकेक करून स्पर्श करावा. स्पर्श अगदी हलका आणि एक-दोन सेकंदांचा हवा. दाबायचे, टोचायचे किंवा गुदगुल्या करायच्या नाहीत. स्पर्श कळला की त्या व्यक्तीने ‘डावा’ किंवा ‘उजवा’ म्हणावे. सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर पाय धोक्यात आहे असे समजून डॉक्टरांना दाखवावे. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी रूढ केलेल्या या चाचणीला एकही उपकरण लागत नाही. नातू आजोबांची करू शकतो.

पाय बधिर असल्याचे कळल्यावर दिवसाची रीत बदलावी लागते. रात्री दिव्याखाली तळवे पाहायचे, स्वतःला दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून किंवा घरच्या कोणाकडून. लालसर डाग, फोड, चीर, रुतलेला काटा, कुठे एखादी जागा बाकीपेक्षा गरम, असे काहीही आढळले तर दुसऱ्या दिवशी त्या पायावर कमीत कमी चालायचे. चप्पल घालण्यापूर्वी आत हात घालून पाहायचे आणि झटकायची. घरातही अनवाणी चालायचे नाही. थंडीत शेकोटीकडे पाय करून बसणे, गरम पाण्याच्या पिशवीने शेकणे, कढत पाण्यात पाय सोडणे हे बंद. पाणी किती गरम आहे ते कोपराने पाहायचे. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६ अंशांच्या पुढे जातो तेव्हा तापलेल्या डांबरी रस्त्यावर किंवा खडकावर पातळ स्लिपरमधूनही तळवा भाजतो, आणि बधिर पायाला ते संध्याकाळी फोड दिसल्यावरच कळते. तेंदूपत्त्याला जाणाऱ्या अशा माणसाने जाड तळव्याचे, बंद पादत्राण घालावे.

एक लक्षण हमखास चुकते. मधुमेह असलेल्याचा एकच पाय अचानक सुजतो, लाल आणि गरम होतो, जखम कुठेच नसते आणि फारसे दुखतही नाही. मुरगळला असेल म्हणून तेल लावून चालणे सुरू राहते. आत पावलाची हाडे खचत असू शकतात. अशा वेळी पायावर भार न देता त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी, नाहीतर काही आठवड्यांत पाऊल कायमचे वाकडे होते.

हत्तीपाय

विदर्भाच्या पूर्व भागात हत्तीरोग अजून आहे. तो क्युलेक्स डासांमुळे पसरतो. त्याचे जंतू रात्री रक्तात उतरतात, म्हणून आरोग्य कर्मचारी रात्री घरी येऊन रक्ताचा नमुना घेतात. सामूहिक औषधोपचाराच्या मोहिमेतल्या गोळ्या कर्मचाऱ्यासमोरच गिळायच्या असतात. बऱ्याच घरांत त्या ‘नंतर घेऊ’ म्हणून फडताळात जातात.

ज्यांचा पाय आधीच मोठा झाला आहे, त्यांच्या पायाची सूज वाढते ती मुख्यतः पुन्हा पुन्हा येणाऱ्या तापाच्या झटक्यांनी, आणि हे झटके बहुतांशी बेचक्यांतल्या चिरांतून शिरलेल्या जंतूंमुळे येतात. म्हणून दिवसातून एक-दोनदा साबणाने पाय धुणे, घड्यांमधली जागा कोरडी करणे, चिखल्यांवर मलम लावणे, बसताना-झोपताना पाय उंच ठेवणे आणि घोटा वर-खाली हलवणे एवढ्यावर झटके कमी होतात. मोठा झालेला पाय पूर्ववत होत नाही, पण वाढ थांबवता येते, आणि माणूस पुन्हा कामाला जाऊ शकतो.

पायाकडे येणारे रक्त

चालताना ठरावीक अंतरावर पोटरी आवळल्यासारखी दुखते, थांबले की दोन-पाच मिनिटांत दुखणे जाते, पुन्हा तेवढेच चालल्यावर परत येते. हे वयाचे दुखणे म्हणून सोडून देतात. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचे हे नेहमीचे लक्षण आहे. पाय थंड पडणे, पावलावरचे केस जाणे, बोटे निळसर होणे आणि लहान जखमही न भरणे ही पुढची पायरी.

तंबाखू याचे मोठे कारण आहे. मधुमेह नसलेल्या तरुण बिडीवाल्यांमध्येही बोटे काळी पडून झडण्याचा एक वेगळा रोग होतो. त्यावरचा खरा उपाय एकच, तंबाखू सर्व रूपांत पूर्ण सोडणे. यात खर्राही आला. ज्या तेंदूच्या पानांवर या जंगलपट्टीतल्या घरांची उन्हाळ्याची कमाई अवलंबून असते, त्याच पानांत वळलेली बिडी पायाची रक्तवाहिनी बंद करते, हा योग विचित्र आहे.

घोट्याच्या आतल्या बाजूला काळपट पडलेली कातडी, वर फुगलेल्या निळ्या शिरा आणि तिथे न भरणारी जखम हे प्रकरण निराळे. ते रक्त परत वर न चढल्याने होते, आणि दिवसभर एका जागी उभे राहणाऱ्यांत जास्त दिसते. इथे घट्ट पट्टी बांधणे हा उपचार आहे. पण पायाकडे येणारे रक्तच कमी असेल तर तीच पट्टी पाय घालवते, म्हणून ती तपासणीनंतरच बांधावी.

टाच, चढ आणि उतार

सकाळी पहिले पाऊल टाकताच टाचेत कळ येते आणि थोडे चालल्यावर ती कमी होते. तळव्याच्या जाड पडद्याला आलेली ही सूज पन्नाशीच्या आसपास फार दिसते. एक्स-रेत टाचेचे हाड वाढलेले दिसले की लोक धास्तावतात, पण तसे वाढलेले हाड न दुखणाऱ्या टाचांतही सापडते. उठण्यापूर्वी बोटे हाताने वर ओढून तळवा ताणणे, भिंतीला हात टेकून पोटरी ताणणे, पाण्याने भरलेली बाटली तळव्याखाली फिरवणे आणि घरातही मऊ चप्पल घालणे यांनी बहुतेकांना काही महिन्यांत आराम पडतो. इंजेक्शनची घाई नको.

डोंगर चढणाऱ्यांना या दुखण्याची विशेष ओळख असते. नागभीड तालुक्यातल्या पेरजागडावर, ज्याला लोक सातबहिणीचा डोंगर म्हणतात, देवदर्शनाला आणि सहलीला सर्व वयांचे लोक जातात. २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट गाठल्यापासून गिर्यारोहणाचे नावही इथे नवे राहिलेले नाही. चढताना दम लागतो, पण पायाचे नुकसान उतरताना होते. बूट आखूड असेल तर प्रत्येक पावलाला बोटे पुढे आपटतात आणि नखाखाली रक्त साकळते. उतरण्याआधी नाडी घोट्यापाशी पुन्हा आवळून बांधावी, नखे सरळ आणि आखूड कापलेली असावीत, आणि हाती एक काठी असावी. गावातली म्हातारी माणसे काठीशिवाय डोंगरावर जात नाहीत, त्यात मोठे शहाणपण आहे.

प्रस्तरारोहणाच्या बुटांची गोष्ट याच्या नेमकी उलट. कड्यावरच्या बारीक खाचेत बोट टेकवता यावे म्हणून ते मुद्दाम घट्ट घेतात आणि बोटे आत वळलेली राहतात. वर्षानुवर्षे असे चढणाऱ्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर येते, अंगठ्याचा सांधा ताठरतो, बोटांवर कुरुपे होतात. पन्नाशीनंतरही कडे चढणाऱ्याने सपाट तळाचा, बोटे सरळ राहतील असा बूट घ्यावा आणि प्रत्येक टप्प्यानंतर तो काढून बोटे मोकळी करावीत. ज्याची तळव्याची जाणीव कमी झाली आहे त्याने घट्ट बूट वापरूच नये. अनवाणी वाढलेल्या शेतकऱ्याची बोटे पंख्यासारखी पसरलेली असतात. ती निरोगी ठेवण आहे, आणि शहरी निमुळत्या बुटात ती कोंबली की तीच दुखणी त्यालाही होतात.

पायाची ताकद टिकवायला जागा किंवा पैसा लागत नाही. दाराची चौकट धरून दहा-पंधरा वेळा टाचा उचलणे, जमिनीवर पसरलेले फडके बोटांनी गोळा करणे, आणि भिंतीजवळ एका पायावर जमेल तितका वेळ उभे राहणे. अरुंद, निसरड्या धुऱ्यावरून चालणाऱ्या माणसाला हा तोल रोज लागतो.

चप्पल घेताना

आठवडी बाजारात चप्पल संध्याकाळी घ्यावी, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. दोन्ही पायांत घालून पाहावी, आणि मोठ्या पायाप्रमाणे नंबर ठरवावा. घरून एक कागद न्यावा. त्यावर उभे राहून पावलाभोवती पेन्सिल फिरवलेली असावी. बुटाचा तळवा या आकृतीवर ठेवला की पाऊल बाहेर डोकावते का ते लगेच दिसते. डोकावत असेल तर विक्रेता ‘वापरून सैल होईल’ म्हणाला तरी ती जोडी सोडून द्यावी. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी, आणि मागे पट्टा हवा. बिनपट्ट्याची स्लिपर टिकवायला बोटे सतत आवळावी लागतात, आणि बधिर पायातून ती केव्हा निसटली हेही कळत नाही.

गमबूट चिखलणीच्या बांधीत रुततात, म्हणून रोवणीला ते कोणी घालत नाही आणि तसा आग्रह धरण्यात अर्थ नाही. पण धुऱ्यावरून चालणे, गवत कापणे, खत टाकणे, फवारणी आणि रात्री पाणी पाहायला जाणे या कामांना ते घालावेत. घालण्याआधी उलटे करून झटकावेत, आत विंचू बसतो. साप बहुधा गुडघ्याखालीच चावतो, आणि बूट व विजेरी या दोन गोष्टी त्यातले बरेच दंश टाळतात. दंश झालाच तर आवळून बांधू नये, चिरू नये, पाय न हलवता प्रतिविष मिळणाऱ्या रुग्णालयात जावे.

एरवी पायाच्या बाबतीत काही गोष्टींना दुसरा दिवस उजाडू देऊ नये. मधुमेह असलेल्याच्या पायाला कोणतीही जखम किंवा फोड, पोटरीकडे चढत जाणारी लाली आणि ताप, अचानक थंड आणि पांढरे पडलेले पाऊल, काळे पडलेले बोट, एका पायाची पोटरी दुखून आलेली सूज, चालताना पाऊल उचलता न येणे. दवाखान्यात जाताना नेहमीची चप्पल घालूनच जावे आणि ती डॉक्टरांना दाखवावी. जखम तळव्यावर जिथे असते, बहुतेकदा तिथेच चपलेचा तळही झिजलेला असतो.